चुन्याखालील पुरावा : केंप्ली येथील संत मरियेच्या चर्चमधील भित्तिचित्रे

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्याच्या वायव्य टोकाला, हेरफर्डशरच्या सीमेलगत, केंप्ली नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील संत मरियेचे जुने चर्च वस्तीपासून दूर, ओढ्याकाठच्या सखल शेतजमिनीत एकाकी उभे आहे. बाहेरून पाहणाऱ्यास या इमारतीत लक्ष वेधून घेण्यासारखे फारसे काही आढळत नाही. गिलाव्याच्या साध्या भिंती, उतरते छप्पर आणि पश्चिमेस एक बुटका मनोरा एवढाच तिचा पसारा आहे. परंतु आतील पूर्वेकडच्या लहानशा दालनात पाऊल टाकताच भिंती आणि छत यांवर बाराव्या शतकातील चित्रे जवळजवळ अखंड पसरलेली दिसतात. उत्तर युरोपात रोमनस्क काळातील जी थोडी भित्तिचित्रे चांगल्या स्थितीत उरली आहेत, त्यांत या चित्रांची गणना होते. राजधानीतील एखाद्या महामंदिरात नव्हे, तर एका आडवळणी खेड्याच्या पॅरिश चर्चमध्ये, म्हणजे त्या गावापुरत्या उपासनामंदिरात, हा ठेवा टिकून राहिला ही गोष्ट सहजासहजी समजण्यासारखी नाही.

या चित्रांचे वर्णन सामान्यतः दोन प्रकारे केले जाते. कलेचे इतिहासकार त्यांची शैली, त्यांतील आकृती आणि त्यांचे फ्रान्समधील चित्रांशी असलेले नाते यांचा विचार करतात. धर्मेतिहासाचे अभ्यासक त्यांच्याकडे लोप पावलेल्या मध्ययुगीन श्रद्धेचे अवशेष म्हणून पाहतात. या दोन्ही दृष्टींत एक गृहीतक समान आहे. ते असे की, चित्र हा पुरावा, आणि त्यावर मागाहून चढलेला चुना हा त्या पुराव्याला आलेला अडथळा. केंप्लीच्या भिंतींचा इतिहास बारकाईने पाहिला असता हे गृहीतक टिकत नाही. तेथे चुना हादेखील चित्राइतकाच बोलका पुरावा ठरतो. इतकेच नव्हे, तर चित्रे झाकणारांनी त्यांचे जेवढे रक्षण केले, तेवढे ती प्रेमाने उघडी करणारांनी केले नाही, असाही निष्कर्ष निघतो. त्या निष्कर्षाची कारणे पाहण्यापूर्वी इमारतीची रचना आणि तिचा काळ ध्यानात घेणे आवश्यक आहे.

इमारतीची मांडणी अगदी साधी आहे. ग्रामस्थांनी उभे राहावयाचा लांबट सभामंडप, त्याच्या पूर्वेस एक कमान, आणि कमानीपलीकडे वेदी असलेले लहान दालन, म्हणजेच वेदिकागृह, असे तिचे दोन प्रमुख भाग आहेत. वेदिकागृहावर अर्ध्या नळीच्या आकाराचे दगडी छत आहे. दक्षिणेकडील प्रवेशद्वारावरच्या अर्धवर्तुळाकार शिलापटावर जीवनवृक्ष कोरलेला आहे. जवळच्याच डायमॉक या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिल्पकारांच्या परंपरेशी या कोरीवकामाचे स्पष्ट साम्य आहे. पश्चिमेचा मनोरा तेराव्या शतकातील असून तो मूळ बांधकामाला मागाहून जोडलेला आहे.

१०८६ मध्ये इंग्लंडच्या जमिनीची जी प्रसिद्ध पाहणी झाली, तिच्यात केंप्लीची जहागीर रॉजर द लेसी याच्याकडे असल्याची नोंद आहे. वेल्सच्या सीमेवर राज्यविस्तार करणाऱ्या नॉर्मन सरदारांत लेसी घराणे अग्रगण्य होते. १०९५ च्या बंडात सामील झाल्यामुळे रॉजरला देशोधडीस लागावे लागले आणि त्याची मालमत्ता त्याचा भाऊ ह्यू याच्याकडे आली. ह्यूचा मृत्यू १११५ च्या सुमारास झाला. पुढे या घराण्याच्या जमिनीचा मोठा भाग सिबिल नावाच्या वारसदार स्त्रीकडे आणि तिचा पती पेन फिट्झ जॉन याच्याकडे गेला. पेन ११३७ मध्ये लढाईत मारला गेला. चर्च कोणी बांधले या प्रश्नाचे उत्तर याच नामावळीत शोधावे लागते, आणि बराच काळ ह्यूचे नाव पुढे केले जात असे.

या प्रश्नावर नवा प्रकाश पडला तो एखाद्या दस्तऐवजामुळे नव्हे, तर लाकडामुळे. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. पावसापाण्याच्या मानाने ते कधी रुंद, कधी अरुंद होते. या वलयांचा क्रम ज्ञात क्रमाशी जुळवून लाकूड केव्हा तोडले हे ठरविता येते. या वृक्षवलय-कालगणनेने केंप्लीच्या सभामंडपावरील मूळ छपराचे लाकूड ११२० ते ११५० या दरम्यानचे ठरले. इंग्लंडमध्ये आपल्या जागी उभी असलेली इतकी जुनी छपरे अत्यंत विरळ आहेत. छपराचा काळ हाच भिंतींचाही काळ असेल असे निश्चयाने म्हणता येत नाही, हे खरे. तथापि छप्पर आणि भिंती एकाच बांधणीतील असतील, तर ती बांधणी ह्यूच्या मृत्यूनंतरची ठरते आणि पेन व सिबिल यांची बाजू बळकट होते. वेदिकागृहात पूर्वेच्या बाजूस दोन गृहस्थ पुरुषांच्या आकृती आहेत. त्या लेसी घराण्यातील पुरुषांच्या असाव्यात असा तर्क केला जातो. तो स्वीकारला, तर या आकृती चर्च बांधणारांच्या नसून त्यांनी स्मरलेल्या पूर्वजांच्या मानाव्या लागतील. चित्राचा अर्थ लाकडाच्या वयाने बदलू शकतो, याचे हे एक चांगले उदाहरण होय.

आता प्रत्यक्ष चित्रांकडे वळणे योग्य होईल. वेदिकागृहाच्या छताच्या मध्यभागी बदामाकृती प्रभावलयात इंद्रधनुष्यावर बसलेला वैभवशाली ख्रिस्त आहे. त्याच्या भोवती चार शुभवर्तमानकारांची चिन्हे, म्हणजे मनुष्य, सिंह, बैल आणि गरुड, मांडलेली आहेत. सूर्य, चंद्र, तारे आणि सात दीपवृक्ष यांनी उरलेले आकाश भरले आहे. सहा पंखांचे सराफीम, कुमारी मरिया आणि संत पीटर यांच्या आकृतीही तेथेच आहेत. खाली उत्तरेच्या व दक्षिणेच्या भिंतींवर सहा सहा प्रेषित बसलेले असून त्यांच्या माना वर वळलेल्या आहेत आणि दृष्टी छतावरील ख्रिस्ताकडे लागलेली आहे. पूर्वेच्या खिडकीजवळ बिशपची आकृती आहे. बायबलमधील प्रकटीकरणाच्या ग्रंथातील स्वर्गीय सभेचे दर्शन या लहानशा दालनात वास्तुरूपाने उभे केले आहे. छताची वक्रता आकाशाची, भिंती सभेच्या आसनांची आणि वेदी सिंहासनाखालील भूमीची जागा घेते. चित्रे भिंतीवर काढली आहेत असे म्हणण्यापेक्षा दालनाचेच चित्र केले आहे असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

येथे एका रूढ मताची परीक्षा करणे अवश्य आहे. इ.स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी याने मार्सेयचा बिशप सेरेनस यास लिहिलेल्या पत्रांत चित्रांचे समर्थन केले. अक्षरओळख नसलेल्यांना जे पुस्तकातून वाचता येत नाही, ते त्यांना भिंतीवर पाहून समजते, असा त्याचा आशय होता. तेव्हापासून चर्चमधील भित्तिचित्रे म्हणजे निरक्षरांचे बायबल, ही उक्ती पाठ्यपुस्तकांत इतकी रुळली आहे की तिचा पुनर्विचार क्वचितच होतो. केंप्लीचे वेदिकागृह या उक्तीत बसत नाही. वेदिकागृह ही धर्मगुरूची जागा होती. ग्रामस्थ कमानीच्या अलीकडे सभामंडपात उभे राहत. कमानीतून त्यांना पूर्वेची भिंत आणि तिच्यासमोरील वेदी दिसत असे. छताचा बराचसा भाग आणि बाजूच्या भिंतींवरील प्रेषितांच्या रांगा मात्र त्यांच्या नजरेआड राहत असत. ज्याला ही सभा संपूर्ण दिसे तो एकटा धर्मगुरूच, आणि त्याला तर ग्रंथ वाचता येत होता. तेव्हा या चित्रांचे प्रयोजन शिकवणे हे नसून, वेदीवर चाललेला विधी स्वर्गातील अखंड उपासनेशी जोडणे हे होते असे मानणे सयुक्तिक ठरते. निरक्षर शेतकऱ्यासाठी काढलेली चित्रे पाहावयाची असतील, तर सभामंडपात यावे लागते.

सभामंडपातील चित्रांचा प्रकार निराळा आहे. तेथे एकसंध योजना नाही. निरनिराळ्या शतकांत निरनिराळ्या हातांनी काढलेल्या चित्रांचे तुकडे आहेत. संत मायकेल तराजूत आत्मे तोलत असल्याचे दृश्य त्यांत आहे. उत्तरेच्या भिंतीवर जीवनचक्र आहे. मनुष्याच्या आयुष्यातील अवस्था चाकाच्या परिघावर मांडून बाल्यापासून मृत्यूपर्यंतचा फेरा दाखविण्याची ही कल्पना उत्तर मध्ययुगात लोकप्रिय होती. ज्यांना नांगर, पेरणी, बाळंतपण आणि दुष्काळ यांतूनच आयुष्य कंठावयाचे होते, त्यांच्यापुढे ही चित्रे होती. मृत्यू अटळ आहे, आणि मृत्यूनंतर हिशेब द्यावयाचा आहे, हा त्यांचा आशय कोणी न शिकवताही समजण्याजोगा होता.

वेदिकागृह आणि सभामंडप यांतील चित्रांच्या आजच्या स्थितीत मोठे अंतर आहे. पहिल्या ठिकाणी रंग पुष्कळ अंशी शाबूत आहे, दुसऱ्या ठिकाणी तो ठिकठिकाणी झडून गेला आहे. याचे मुख्य कारण चित्रणाच्या तंत्रात आहे. वेदिकागृहातील काम ओल्या गिलाव्यावरचे आहे. चुनखडी भाजली की तिच्यातील कर्बवायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला, वाळूत कालवला आणि भिंतीवर लिंपला म्हणजे हवेतील कर्बवायू पुन्हा शोषून घेत तो हळूहळू पूर्ववत दगड होऊ लागतो. गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग त्यावर दिला, तर या रूपांतरात रंगाचे कण गिलाव्याच्या पृष्ठभागात बंदिस्त होतात. तेथे रंग भिंतीवर नसतो, भिंतीत असतो. तांबडी आणि पिवळी गेरू, चुन्याचा पांढरा आणि कोळशाचा काळा असे मातीशी नाते असणारे रंगच या पद्धतीत टिकतात. केंप्लीच्या चित्रांतील रंगसंगती उबदार आणि मर्यादित दिसते याचे एक कारण हेच होय. सभामंडपातील चित्रे सुकलेल्या गिलाव्यावर, चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत. ते चिकट द्रव्य काळानुसार नष्ट होते आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. इंग्लंडच्या दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. तेथील बहुसंख्य मध्ययुगीन भित्तिचित्रे या दुसऱ्या पद्धतीची असल्यामुळे केंप्लीच्या वेदिकागृहाला विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

सभामंडपातील थरांवरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. चित्रांवर चुना चढविण्याची प्रथा धर्मसुधारणेने सुरू केली नाही. मध्ययुगातच जुने चित्र मळले, विटले किंवा त्यातील संताची भक्ती मागे पडली की त्यावर चुन्याची सफेदी देऊन नवे चित्र काढले जाई. अशा रीतीने एकाच भिंतीवर दोन-दोन, तीन-तीन शतकांची चित्रे एकावर एक साचलेली अनेक ग्रामीण चर्चमध्ये आढळतात. चुना हा भिंतीच्या देखभालीचा नित्याचा भाग होता. चित्र झाकले याचा अर्थ ते नाकारले असा प्रत्येक वेळी होत नसे. ही बाब ध्यानात न घेतल्यास सोळाव्या शतकातील चुन्याचा अर्थ लावताना मोठी चूक होते.

त्या शतकात चुन्यामागे राजाज्ञा उभी राहिली, हे मात्र निर्विवाद आहे. १५३८ च्या आज्ञापत्राने मूर्तींपुढे मेणबत्त्या लावण्यास बंदी केली. १५४७ मध्ये सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत निघालेले आज्ञापत्र याहून पुष्कळच पुढे गेले. खोटे चमत्कार, यात्रा आणि मूर्तिपूजा यांची आठवण करून देणारी चित्रे भिंतींवर आणि खिडक्यांच्या काचांवरही उरता कामा नयेत, असे त्यात फर्मावले होते. १५५३ मध्ये मेरी गादीवर आल्यावर जुना धर्म परतला, आणि १५५८ मध्ये एलिझाबेथ राणी होताच पुन्हा पारडे फिरले. १५६१ मध्ये वेदीच्या बाजूस दहा आज्ञांचा फलक लावण्याचा आदेश निघाला. जेथे चित्र होते तेथे आता अक्षर आले. सुमारे पंचवीस वर्षांच्या अवधीत एकाच पिढीला आपल्या चर्चचे रूप तीन-चार वेळा पालटलेले पाहावे लागले.

या आज्ञा खेड्यापाड्यांत कशा पाळल्या गेल्या याचे चित्र चर्चच्या हिशेबवह्यांतून मिळते. पॅरिशच्या मालमत्तेची आणि जमाखर्चाची जबाबदारी चर्चवॉर्डन या निवडलेल्या ग्रामस्थांवर असे. डेव्हनमधील मोअरबाथ या लहान गावचा धर्मगुरू क्रिस्टोफर ट्रिके याने १५२० पासून १५७४ पर्यंत, म्हणजे साऱ्या स्थित्यंतराच्या काळात, एकाच गावात सेवा केली आणि या वह्यांत आपल्या हाताने नोंदी केल्या. ज्या गावाने मूर्तींसाठी वर्षानुवर्षे पैसा जमविला, त्याच गावाने पुढे आज्ञेनुसार त्या काढून टाकल्या. १५४९ च्या पश्चिमेकडील बंडात या गावाने आपली पाच माणसे धाडली होती. स्ट्रॅटफर्ड या शहरी उदाहरणात हीच गोष्ट एका ओळीत दिसते. १५६४ च्या आरंभी सादर झालेल्या नगराच्या हिशेबात गिल्ड चॅपेलमधील प्रतिमा विद्रूप करण्यासाठी दोन शिलिंग खर्ची पडल्याची नोंद आहे. त्या वेळी नगराच्या जमाखर्चाचा भार ज्यांच्यावर होता त्यांत नाटककार शेक्सपियरचा पिता जॉन हा एक होता. तेथील अंतिम न्यायाचे भव्य चित्र चुन्याखाली गेले आणि १८०४ मध्ये पुन्हा उघडकीस आले. दोन शिलिंगांत चित्रांचा समूळ नाश होत नाही. फार तर चुन्याच्या काही बादल्या आणि एक-दोन मजुरांची मजुरी भागते.

या ठिकाणी इतिहासकारांतील एका मोठ्या वादाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. ए. जी. डिकन्स यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्लिश धर्मसुधारणेवरील ग्रंथात जुना धर्म आतून खिळखिळा झाला होता आणि नव्या मताला लोकांत पाठिंबा होता, या बाजूवर भर दिला. ईमन डफी यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात याच्या नेमके उलट प्रतिपादन केले. त्यांच्या मते पारंपरिक धर्म खेड्यांतून शेवटपर्यंत जिवंत होता आणि तो वरून लादलेल्या आज्ञांनी मोडला. चुन्याचा थर या वादात कोणत्या बाजूने साक्ष देतो? पहिला पक्ष त्यात नव्या मताचा स्वीकार पाहील, दुसरा पक्ष जुलूम पाहील. वास्तविक चुना एवढेच सांगतो की आज्ञा पाळली गेली. ती कोणत्या मनाने पाळली, हे तो सांगत नाही. परंतु ती कशी पाळली हे मात्र तो सांगतो. केंप्लीत वेदिकागृहातील ख्रिस्ताचे आणि प्रेषितांचे चित्रण टाक्या लावून खरवडून काढलेले नाही. सर्वात स्वस्त, सर्वात परिचित आणि गावातील कोणासही करता येईल असा उपाय योजला गेला. तो पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या देखभालीपेक्षा वेगळा नव्हता. श्रद्धा, बंड, निष्ठा आणि कंटाळा या सर्वांना त्या एका कृतीत जागा होती. राज्यकर्त्याला हवे ते करून दाखवणे, आणि ते करताना परत फिरण्याची वाट पूर्णपणे न तोडणे, ही दुबळ्यांची रीत अनेक समाजांत आढळते. चुन्याचा थर हा तिचाही पुरावा असू शकतो.

पुढील तीन शतके केंप्लीची चित्रे अंधारात राहिली आणि त्यामुळेच टिकली. चुना हे गिलाव्याच्याच जातीचे द्रव्य आहे. भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडू शकते. प्रकाश, काजळी, धूळ आणि माणसांचे स्पर्श या सर्वांपासून त्याने चित्राला आड ठेवले. १८७२ मध्ये या चुन्याखालील चित्रांचा शोध लागला आणि ती उघडी करण्यात आली. एकोणिसाव्या शतकाचे हे एक वैशिष्ट्यच होते. ससेक्समधील हार्डम येथील रोमनस्क चित्रे १८६६ मध्ये उजेडात आली, सरेमधील चॅल्डन येथील मोक्षाच्या शिडीचे चित्र थोड्याच वर्षांनी सापडले. १८८३ मध्ये सी. ई. कीझर याने ब्रिटनमधील अशा भित्तिचित्रांची विस्तृत यादीच प्रसिद्ध केली. मध्ययुगाविषयीचे नवे आकर्षण आणि जुन्या चर्चच्या जीर्णोद्धाराची लाट यांचा हा परिणाम होता.

तथापि याच लाटेने अपरिमित हानीही केली. भिंतीचा दगड उघडा दिसावा म्हणून असंख्य चर्चमधील जुना गिलावा खरवडून टाकण्यात आला, आणि त्याबरोबर त्याखालील चित्रे कोणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच नाहीशी झाली. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस याने प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. तिला ‘खरवडविरोधी’ या अर्थाचे टोपणनाव पडले ते यामुळेच. यॉर्कशरमधील पिकरिंग येथे याहून निराळा प्रकार घडला. १८५२ मध्ये सापडलेली पंधराव्या शतकातील चित्रे तेथील धर्मगुरूस अनिष्ट वाटल्यामुळे पुन्हा चुन्याने झाकण्यात आली. १८७६ पासून ती परत उघडी करून इतकी दुरुस्त करण्यात आली की, आज तेथे मूळ रेषा कोणती आणि एकोणिसाव्या शतकातील कोणती, हे ठरविणे कठीण झाले आहे. दोनदा झाकले जाऊनही जे बिघडले नव्हते, ते जीर्णोद्धाराने बिघडले.

केंप्लीत पुनर्रंगणाचे संकट मोठ्या प्रमाणावर आले नाही, परंतु चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर वार्निशाचा थर देण्यात आला. हेतू निःसंशय चांगला होता, परिणाम उलटा झाला. वार्निश काळवंडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते भिंतीचा श्वास कोंडते. ओल बाहेर पडू न शकल्याने तिच्यातील क्षार पृष्ठभागामागे साचतात आणि रंगासह पृष्ठभाग सुटू लागतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही हा धडा शिकला गेला नव्हता. इंग्लिश भित्तिचित्रांचे सर्वश्रेष्ठ अभ्यासक ई. डब्ल्यू. ट्रिस्ट्रम (१८८२–१९५२) यांनी अनेक चर्चमध्ये चित्रांवर मेणाचा थर दिला. त्या मेणाने ओल आत कोंडली, वर धूळ धरून ठेवली, आणि ते काढण्यासाठी पुढील पिढीला फार कष्ट घ्यावे लागले. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा बाराव्या शतकातील चित्रांवरील ग्रंथ आजही अपरिहार्य आहे. ज्यांना या चित्रांचे मोल सर्वाधिक कळले होते, त्यांच्याच हातून ही इजा झाली, ही या इतिहासातील कटू गोष्ट होय. केंप्लीतील वार्निश १९५५ मध्ये ईव्ह बेकर यांनी उतरविले. ओल्या गिलाव्यात मुरलेला रंग असल्यामुळे वेदिकागृहातील चित्रे या सर्व उपचारांतून निभावून गेली.

महाराष्ट्रातील अभ्यासकांना हा अनुभव अपरिचित नाही. अजिंठ्याची चित्रे १९२० ते १९२२ या काळात निझाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी, लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांनी, दुरुस्त केली. सुटणारे पापुद्रे त्यांनी कौशल्याने जागच्या जागी बसविले. परंतु चित्रांवर दिलेले लाखेचे वार्निश पुढे पिवळसर-तपकिरी पडले, आणि ते उतरविण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांना दीर्घकाळ करावे लागले. येथे एक भेदही लक्षात ठेवला पाहिजे. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यात मुरवलेली नाहीत. मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन तो सुकल्यावर ती काढलेली आहेत. म्हणून केंप्लीच्या वेदिकागृहापेक्षा तिच्या सभामंडपाशी त्यांचे तांत्रिक नाते जवळचे आहे, आणि त्यांची नाजूकताही त्याच प्रकारची आहे.

केंप्लीची चित्रे टिकण्यास आणखी एक कारण साहाय्यभूत झाले. ते म्हणजे गावाने चर्चकडे फिरवलेली पाठ. सखल, ओलसर जागा सोडून वस्ती हळूहळू दूर सरकली. १९०३ मध्ये सातव्या अर्ल बोचॅम्प याच्या आश्रयाने, रँडल वेल्स या वास्तुकाराने, नव्या वस्तीजवळ संत एडवर्डचे नवे चर्च बांधले. ती इमारत स्वतःच त्या काळच्या हस्तकला-चळवळीचा एक नमुना मानली जाते. जुन्या चर्चमधील उपासना त्यामुळे मागे पडत गेली, १९७० च्या दशकात ते नित्याच्या उपासनेतून मुक्त करण्यात आले, आणि आज ते इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या देखरेखीखाली आहे. श्रीमंत आणि गजबजलेल्या पॅरिशमध्ये जे घडले असते ते येथे घडले नाही. वेदिकागृह वाढवावे, मोठ्या खिडक्या फोडाव्या, जुने छत उतरवून उंच छप्पर घालावे, असे करण्याइतका पैसा आणि उत्साह येथे एकवटला नाही. वैभव टिकविण्यास येथे वैभवाचा अभावच कामी आला. परंतु त्याची किंमतही आहे. ज्या उपासनेसाठी ती चित्रे काढली गेली, ती आता तेथे नित्य होत नाही. चित्र राहिले, आणि त्याचे गाव निघून गेले.

या सर्व विवेचनातून एक पद्धतीविषयक मुद्दा समोर येतो. आज केंप्लीच्या चर्चमध्ये उभे राहणाऱ्यास बाराव्या शतकातील ख्रिस्त आणि त्यापुढील शतकांतील जीवनचक्र व तोलले जाणारे आत्मे एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. हे पाहून आपण मध्ययुगीन चर्च पाहत आहोत असा भास होतो. वस्तुतः हे दृश्य मध्ययुगातील कोणत्याही माणसाने कधीही पाहिलेले नाही. बाराव्या शतकातील ग्रामस्थापुढे जीवनचक्र नव्हते. पंधराव्या शतकातील ग्रामस्थास सभामंडपातील जुने थर दिसत नव्हते, कारण ते चुन्याखाली गेले होते. सतराव्या शतकातील ग्रामस्थाला पांढऱ्या भिंती दिसत होत्या, आणि त्याच्या दृष्टीने तेच त्याच्या चर्चचे खरे रूप होते. आज दिसणारे दृश्य १८७२ आणि १९५५ या दोन वर्षांनी घडविले आहे. ते मध्ययुगाचे जेवढे आहे, तेवढेच एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांचेही आहे.

यावरून चित्रे उघडी करावयास नको होती असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. ती उघडी झाली नसती तर इंग्लंडच्या बाराव्या शतकाविषयीचे ज्ञान पुष्कळच दरिद्री राहिले असते. परंतु चुना काढताना जे गेले त्याचीही नोंद इतिहासाच्या खाती व्हावयास हवी. जो थर खरवडून टाकण्यात आला, त्यात तीन शतकांच्या ग्रामस्थांचे आज्ञापालन, त्यांची नवी उपासना आणि दर काही वर्षांनी भिंती पांढऱ्या करणारे त्यांचे हात होते. त्यांनी नाव कोरले नाही, प्रतिमा मागे ठेवली नाही. त्यांचा जो एकमेव लेख भिंतीवर होता तो पांढरा होता, आणि पांढरा असल्यामुळेच तो कोणी वाचला नाही. सरदारांचा इतिहास चित्रात राहिला. शेतकऱ्यांचा इतिहास मात्र पुष्कळ अंशी त्या चुन्याबरोबर झाडून टाकला गेला. यापुढे कोणत्याही भिंतीवरील थर उतरविण्यापूर्वी, त्याखाली काय आहे या प्रश्नाच्या आधी, तो थर स्वतः काय आहे हा प्रश्न विचारला गेला, तर केंप्लीच्या भिंतींनी शिकविलेला धडा वाया गेला असे होणार नाही.